ठाण्यातील चार जुनी घरे, चार शैली आणि एकच मेस्त्री: खात्री कशी करावी?

तलावपाळीकर (प्रश्न)

सर्वांस सप्रेम नमस्कार.

आमच्या आजोळी तीन पिढ्यांपासून एक गोष्ट सांगितली जाते. चरई, खारकर आळी आणि नौपाडा या भागांत आज कशीबशी उभी असलेली चार घरे एकाच मेस्त्रींनी बांधली, अशी ती गोष्ट आहे. मेस्त्री म्हणजे त्या काळचे कंत्राटदार. हे गृहस्थ गवंडीकाम करता करता वर आले आणि पुढे सुतार, गवंडी व बिगारी असा स्वतःचा ताफा बाळगून घरे बांधू लागले, असे ऐकिवात आहे. त्यांचे वंशज शहरातच राहत असल्यामुळे आणि मी त्यांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे येथे त्यांचे नाव देत नाही. चारपैकी एक घर आमच्या आजोळचे आहे आणि ते लवकरच पुनर्विकासाला जाणार आहे, म्हणून त्यापूर्वी या गोष्टीतले खरे-खोटे निवडावे अशी इच्छा आहे.

अडचण अशी की या चार घरांना शेजारी शेजारी उभे केले, तर ती एकमेकांची सख्खी सोडाच, दूरची नातलगही वाटणार नाहीत. चरईतले घर कौलारू आणि माडीचे आहे. कमरेएवढे काळ्या दगडाचे जोते, ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर अशी एकामागे एक सोपी मांडणी, सागवानी खांबांवर तुळया, वर कडीपाट, आणि माडीच्या सज्जाला जुन्या रेल्वे स्थानकांच्या छपरांना असते तशी कातीव लाकडाची झालर. खारकर आळीतले घर अर्धे वाडा आणि अर्धे चाळ म्हणावे असे आहे. तळमजल्यावर मालकांचे बिऱ्हाड, वर लांबलचक व्हरांडा आणि त्यावर ओळीने उघडणाऱ्या भाडेकरूंच्या खोल्या. मजला लोखंडी तुळयांवर लादी टाकून आणि वर कोबा करून तयार केलेला.

नौपाड्यातील पहिले घर मात्र बंगला या शब्दाला शोभेल असे आहे. गोल खांबांचा पोर्च, खांबांच्या माथ्यावर गिलाव्यात काढलेली वळणदार पाने, वर त्रिकोणी दर्शनी भाग, आणि भिंतीच्या गिलाव्यावर रेघा ओढून घडीव दगडाचा केलेला आभास. चौघांत दिमाख याचाच अधिक. चौथे घर आमच्या आजोळचे. त्याला कौलारू छप्पर नाही, सपाट गच्ची आहे. सज्जाचा कोपरा गोलाकार आहे, खिडक्यांवर भुवयांसारखे सलग छज्जे आहेत आणि जिन्याच्या उभ्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण आहेत.

याच घराच्या दर्शनी गिलाव्यात १८५९ हे आकडे उठावात आहेत. आकड्यांच्या डावीकडचा गिलावा पूर्वीच निखळून पडला आहे. मागच्या अंगाला न्हाणीघरावर कौले आहेत आणि त्यांतील एक उलटे करून पाहिले असता त्यावर कारखान्याच्या नावासोबत १८६५ हे साल आढळले. त्यामुळे आमचे थोरले मामा घर दीडशे वर्षांहून जुने असल्याचे सर्वांना अभिमानाने सांगतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की, एकच माणूस इतक्या निरनिराळ्या घाटाची घरे बांधू शकतो का, हे ताडून पाहण्याचा काही मार्ग आहे का आणि वरील दोन सालांवर कितपत विसंबावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शंकेखोर

आपल्या प्रश्नाने नाउमेद करण्याचा हेतू नाही, परंतु जुन्या ठाण्यातील जवळजवळ प्रत्येक घराबाबत "हे अमुक मेस्त्रींचे काम" असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी सापडतोच. नामांकित मेस्त्रीने घर बांधले असे म्हटल्याने घराचा भाव वाढतो आणि सांगणाऱ्याचाही. खांबांच्या माथ्यावरची पाने साच्यातून काढली जात, जाळ्या आणि बिजागऱ्या बाजारातून तयार येत, फरशा कारखान्यातून येत. या गोष्टी दोन घरांत सारख्या आढळल्या, तर दोन्ही मालकांनी एकाच दुकानातून खरेदी केली एवढेच सिद्ध होते. चार घरांत काहीच सारखे नसेल, तर मग उरतेच काय?

मोडीवाचक

सालांचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो तुलनेने सोपा आहे.

डावीकडचा जो गिलावा पडला, त्यावर बहुधा "शके" हा शब्द होता. शालिवाहन शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्षाच्या अखेरचे, म्हणजे जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतचे महिने असतील तर ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८५९ हे १९३७-३८ हे वर्ष ठरते. आपण वर्णन केलेले घर, म्हणजे गोल कोपरे, सलग छज्जे आणि किरणांची जाळी, हे आर्ट डेको शैलीचे आहे, आणि ती शैली मुंबईत १९३० च्या दशकात फोफावली. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील ज्या इमारतींना समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्या याच काळातल्या. इसवी सन १८५९ मध्ये ठाण्याला रेल्वे येऊन अवघी सहा वर्षे झाली होती आणि नगरपालिका स्थापन व्हायला आणखी चार वर्षे अवकाश होता. त्या काळी येथे कोणी गोल कोपऱ्याचा काँक्रीटचा सज्जा काढला असेल, असे मानणे कठीण आहे.

आता कौल. बाझल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि कारखान्याच्या स्थापनेचे हे साल पुढे कित्येक वर्षे त्यांच्या कौलांवर छापले जात राहिले. ते कौल भाजल्याचे साल नव्हे. आगपेटीवर कारखाना सुरू झाल्याचे वर्ष असावे, तसे ते आहे. या एका आकड्याने महाराष्ट्रात किती घरांची वये फुगवली असतील, याची गणती नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, मिशनचे हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. म्हणून आपल्या न्हाणीघरावर कॉमनवेल्थ हे नाव असलेले कौल सापडले, तर ते निश्चितच त्यानंतरचे समजावे. मिशनचे नाव असलेले कौल मात्र जुन्या घरावरून उतरवून येथे पुन्हा वापरलेले असू शकते. कौले, चौकटी आणि तुळया यांचा पुनर्वापर ही तेव्हाची रीतच होती, कारण चांगला माल टाकून देणे कोणालाच परवडत नसे.

कागदपत्रांबाबत आताच एक सूचना करतो. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रकावर जागेचा धारक कळेल, दुय्यम निबंधकांकडील सूचीमध्ये खरेदी-विक्रीचे व्यवहार मिळतील, आणि नगरपालिकेच्या जुन्या करआकारणी नोंदवहीत घरावर प्रथम घरपट्टी कधी बसली ते समजू शकेल. यांपैकी कोठेही बांधणाऱ्या मेस्त्रीचे नाव सहसा नसते. सरकारला कर देणाऱ्याशी कर्तव्य होते, भिंत रचणाऱ्याशी नव्हते. मेस्त्रीचे नाव सापडलेच तर ते मालकाच्या खासगी जमाखर्चाच्या वहीत सापडते, आणि ती वही मोडीत असण्याचा संभव मोठा.

निवृत्त अभियंता

मी जुन्या इमारतींच्या तपासणीचे काम अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. लांबीबद्दल आधीच क्षमस्व.

एका माणसाने चार शैलींची घरे बांधली यात मला अजिबात नवल वाटत नाही. चारही घरे एकाच शैलीची असती, तर मात्र मी बुचकळ्यात पडलो असतो. शैली ही मेस्त्रीची नसे, ती मालकाची असे. मालक रोज लोकलने मुंबईत नोकरीला किंवा वकिलीला जात. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा शिवाजी पार्कच्या परिसरात राहणाऱ्या मेहुण्याचे घर पाहून येत आणि "आपल्यालाही गच्चीच हवी" असे मेस्त्रीला सांगत. नकाशा काढून देणारा आरेखक वेगळा असे. वास्तुविशारद ही उपाधी कायद्याने नोंदणीशी जोडली गेली ती १९७२ च्या अधिनियमाने, आणि त्यापूर्वी नकाशा कोणीही काढत असे. पुष्कळदा मेस्त्री स्वतःच जमिनीवर फक्कीने आखून दाखवत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले होते. आपल्या आजोळच्या घराचे साल तेच निघाले म्हणून मालकांनी ते प्रदर्शन पाहिलेच होते असा निष्कर्ष काढू नये, पण मध्यमवर्गाला नव्या घाटाच्या घरांची किती ओढ लागली होती, हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण शैली बदलली असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याआधी बांधकामाचा माल बदललेला असतो. चरईतल्या घराची खोली अरुंद का? कारण सागवानी तुळई दहा-बारा फुटांपलीकडे नेली की ती वाकते, किंवा मग इतकी जाड घ्यावी लागते की मालकाचा जीव दडपतो. खारकर आळीच्या घराला सलग लांब व्हरांडा आणि ओळीने खोल्या शक्य झाल्या, कारण तोवर लोखंडी तुळया आवाक्यात आल्या होत्या. त्या तुळयांच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव उठावात असते. गंज खरवडून पाहावे. इंग्लंडच्या डॉर्मन लाँगचे नाव बऱ्याच जुन्या घरांत मिळते. टाटांचे नाव मिळाले, तर घर १९१२ नंतरचे, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागले ते त्या साली. सिमेंटचेही तसेच आहे. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये देशी सिमेंट येऊ लागले आणि पुढच्या दोन दशकांत ते इतके रुळले की गोल सज्जा काढणे ठाण्याच्या मेस्त्रीच्याही हातचे झाले. तरीही आपल्या आजोळच्या घरात भिंती मोजून पाहा. माझा अंदाज असा की दर्शनी भाग आर्ट डेकोचा असला, तरी भार पेलणाऱ्या भिंती जाडजूड विटांच्याच असतील आणि काँक्रीट फक्त स्लॅबपुरते असेल. मेस्त्रीने नवा सदरा घातलेला असतो, अंगकाठी जुनीच असते.

आता शंकेखोर यांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचे म्हणणे योग्य आहे: बाजारातून विकत आलेली कोणतीही वस्तू पुरावा म्हणून धरू नये. नक्षीदार सिमेंटच्या फरशा तर मुळीच नाहीत. भारत टाइल्ससारखे कारखाने १९२२ पासून त्या बनवू लागले आणि हजारो घरांत त्या गेल्या. परंतु मालकाला न दिसणाऱ्या, नकाशात न दाखवलेल्या आणि दुकानात न मिळणाऱ्या काही गोष्टी घरात असतात, आणि तेथे माणूस सवयीने वागतो. मी तपासणीला गेलो की पुढील गोष्टी हाताने चाचपून पाहत असे.

खिडकीच्या बाहेरील उंबऱ्याच्या खाली बोट फिरवावे. पाणी भिंतीकडे ओघळू नये म्हणून तेथे एक खाच ओढलेली असते. कोणी ती अर्धगोल ओढतो, कोणी चौकोनी, कोणी कडेपासून एक बोट आत तर कोणी दोन बोटे, आणि कोणी ओढतच नाही. गच्चीवर कठडा आणि फरशी यांच्या सांध्यात जो वाटा, म्हणजे गिलाव्याची गोलसर पट्टी, मारलेला असतो, त्याची गोलाई पाहावी. ती ज्या हत्याराने केली जाई ते प्रत्येक गवंड्याचे स्वतःचे असे. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत बोलकी जागा म्हणजे जिना. पायरीची उंची आणि रुंदी मेस्त्री मनाशी ठरवलेल्या मापाने घेत, आणि मालकाने कितीही वेगळे घर मागितले तरी ते माप सहसा बदलत नसे. पहिली पायरीही पाहावी. लाकडी जिन्याला जमिनीची ओल लागून तो खालून कुजू नये, म्हणून पहिली पायरी दगडाची करत आणि तिच्यावर जिन्याचे लाकूड टेकवत. ही सर्वसाधारण पद्धत आहे, त्यामुळे चरईच्या घरात तशी पायरी आढळली तर फारसे काही सिद्ध होणार नाही. परंतु काँक्रीटच्या जिन्याला दगडी पायरीची गरजच नसते. तेथे ती सापडली, तर ती सवय आहे, आणि सवय ही कोणाची तरी असते.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. आजोळच्या घराच्या गोल सज्जाखाली उभे राहून मापे घेऊ नका. त्या काळी खाडीची रेती सर्रास वापरली जाई आणि तिच्यातील क्षारांमुळे आतल्या सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि खालचा काँक्रीटचा थर ढलपीसारखा सुटतो. इमारत महानगरपालिकेने सी-१ प्रवर्गात, म्हणजे रिकामी करून पाडून टाकण्याच्या यादीत घातलेली असेल, तर आत पाऊलच टाकू नये. सी-२ब किंवा सी-३ मध्ये, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोग्या इमारतींत, असेल, तर सोबत कोणाला तरी घेऊन जावे.

आळीतली लेक

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. तलावपाळीकर यांनी वर्णन केलेले खारकर आळीतील घर हे माझे माहेर आहे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. अर्धा वाडा आणि अर्धी चाळ हे वर्णन वाचून हसू आले, कारण आमच्या आजी नेमके तसेच म्हणत, फक्त कौतुकाने नव्हे.

आमच्याकडे पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. त्यांतील घरबांधणीची वही शके १८४८ ची, म्हणजे वरील हिशेबाने १९२६-२७ ची ठरते. ती मोडीत आहे आणि काही वर्षांपूर्वी आम्ही तिची काही पाने बाळबोधीत उतरवून घेतली होती. तीत मेस्त्रींचे नाव वारंवार येते आणि ते तलावपाळीकर यांच्या मनातलेच आहे का, हे मी त्यांना खासगी निरोपाने विचारले आहे. येथे सर्वांच्या उपयोगाचे एवढेच सांगते, की मेस्त्रींना मालासकट काम दिलेले नव्हते, केवळ मजुरीवर दिले होते. लाकूड, चुना, लोखंड आणि लाद्या पणजोबांनी स्वतः खरेदी केल्या. चुना मळण्याच्या घाण्याच्या बैलाचे भाडे, गुळाची ढेप आणि "पावसामुळे काम बंद" अशा नोंदी पानोपानी आहेत. गूळ चुन्यात घालण्यासाठी होता हे आम्हाला उशिरा कळले. लहानपणी वाटे की मजुरांचे तोंड गोड करण्यासाठी असेल.

एका पानावर जिन्याविषयी वादाची नोंद आहे. पणजोबांना जिना पुढच्या व्हरांड्यातून हवा होता, म्हणजे ओटीवर बसून कोण येते-जाते ते दिसले असते. मेस्त्रींनी तो बाजूने काढला, कारण भाडेकरूंची वर्दळ मालकांच्या ओटीवरून नको. पणजोबांनी "मेस्त्री ऐकत नाहीत" असे लिहून पुढे मजुरीचा आकडा मांडला आहे. शैली मालकाची असे हे निवृत्त अभियंता यांचे म्हणणे मला पटते, पण निदान आमच्या घरात जिना तरी मेस्त्रींच्या मनासारखा झाला.

भाड्याच्या खोल्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीच्या आसपास गोठली, आणि व्हरांड्याचे एक लाकडी पाखे बदलायचे म्हटले तरी वर्षाचे भाडे पुरेना. भाडेकरूंचा दोष नव्हता, आमचाही नव्हता. छप्पर मात्र गळत राहिले.

शंकेखोर

मजुरीवरच्या कामाची नोंद महत्त्वाची आहे आणि ती माझ्या शंकेला बळ देणारी आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. माल मालकाने निवडला, नकाशा आरेखकाने काढला, तर मेस्त्रीच्या वाट्याला जोडाई आणि गिलावा एवढेच राहते. अशा वेळी "मेस्त्रींची घरे" म्हणणे म्हणजे आचाऱ्याला पंगतीचे यजमान म्हणण्यासारखे आहे. तथापि काँक्रीटच्या जिन्याला दगडी पायरी सापडली, तर मी माझे शब्द मागे घेईन.

निवृत्त अभियंता

आचाऱ्याची उपमा आवडली. पण पंगत उठल्यावर लोक नाव आचाऱ्याचेच काढतात.

तलावपाळीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आळीतली लेक यांनी निरोपातून कळवलेले नाव आणि आमच्या घरात सांगितले जाणारे नाव एकच आहे.

गेल्या रविवारी मी व माझा मावसभाऊ असे दोघे टेप आणि विजेरी घेऊन चारही घरी जाऊन आलो. आजोळची इमारत सी-२ब प्रवर्गात आहे, त्यामुळे आत जाता आले. सज्जाखाली उभे राहिलो नाही. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

आजोळच्या घराच्या भिंती विटांच्याच आहेत. दाराच्या चौकटीत मोजल्या तर गिलाव्यासह अठरा इंचांच्या आसपास भरतात. जिना काँक्रीटचा आहे आणि त्यावर ठिपक्यांचे मोझॅक केलेले आहे, पण पहिल्या पायरीचे मोझॅक एका कोपऱ्यावर उडाले आहे. लहानपणी त्या कोपऱ्यावर बसून मी कित्येकदा गोट्या मोजल्या असतील. खाली काय आहे ते कधी पाहिले नाही. खाली काळा दगड आहे. मावसभावाने ओल्या फडक्याने पुसल्यावर दगडाच्या पुढच्या कडेवर टाकीने, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीने, ओढलेल्या तीन समांतर रेघा दिसल्या, मधली किंचित खोल. खारकर आळीच्या घरातील लाकडी जिन्याखालच्या दगडी पायरीवर अशाच तीन रेघा आहेत आणि चरईतही आहेत, मात्र चरईत त्या पायांनी इतक्या झिजल्या आहेत की बोटालाच कळतात, डोळ्यांना नाही. पायरीची उंची तिन्ही ठिकाणी पावणेसात इंच भरली. खिडकीच्या उंबऱ्याखालची खाच तिन्ही घरांत अर्धगोल आहे आणि कडेपासून दोन बोटे आत आहे.

नौपाड्याच्या पोर्चच्या बंगल्यात यांपैकी काहीही नाही. पायऱ्या सहा इंचांच्या आहेत, पहिली पायरी इतर पायऱ्यांसारखीच आहे, उंबऱ्याखाली खाच नाही, आणि त्यामुळेच की काय, प्रत्येक खिडकीखाली भिंतीवर काळ्या ओघळांच्या रेघा उमटल्या आहेत. माझ्या मते तो बंगला आमच्या मेस्त्रींचा नाही. चार घरांत सर्वांत देखणे तेच, म्हणून कोणीतरी ते यादीत घातले असावे.

मोडीवाचक यांच्या सांगण्यानुसार न्हाणीघरावरची आणखी कौले उलटी करून पाहिली. त्यांपैकी दोनांवर कॉमनवेल्थ हे नाव आहे. थोरल्या मामांना शके आणि सन यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना घर १८५९ चे असल्याचे सांगितले.

शंकेखोर

शब्द मागे घेतले. तीन रेघांचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे, आणि शेजारी टेप ठेवूनच काढावे.

मोडीवाचक

इमारत पाडण्यापूर्वी विकासकाला लेखी विनंती करून पहिली पायरी वेगळी काढून मागावी. दगड आहे, काळजीपूर्वक काढल्यास निघतो. दर्शनी भागावरचे आकडे मात्र गिलाव्यातले असल्यामुळे अखंड निघणार नाहीत. त्यांचा कागदावर ठसा घ्यावा.

आळीतली लेक

तलावपाळीकर, पुढच्या आठवड्यात वही पाहायला अवश्य या. जिन्याच्या वादाच्या पुढच्या पानावर "टाकीवाल्यास, पायरी" अशी एक स्वतंत्र नोंद आहे, ती तेव्हा कोणालाच लागली नव्हती. वही माळ्यावरच्या पेटीत आहे आणि तेथे दिवा नाही, म्हणून विजेरी घेऊन यावे. जिन्याने येताना पहिल्या पायरीवर जपून पाय ठेवा, पावसात ती निसरडी होते.